जुन्या पायावर नवा कंपायलर

डेबियन १२ हे लिनक्सचे वितरण १० जून २०२३ रोजी प्रसिद्ध झाले तेव्हा त्यात जीसीसी १२.२ हा कंपायलर (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणारे साधन) होता. जीसीसी १३.१ त्याच्या सुमारे दीड महिना आधी, एप्रिलच्या अखेरीस, बाहेर पडला होता. परंतु डेबियनने आपली टूलचेन, म्हणजे कंपायलर आणि त्याची सोबती साधने, जानेवारीतच गोठवलेली असल्यामुळे त्याचा समावेश होण्याचा प्रश्नच नव्हता. एरवी एका आवृत्तीच्या फरकाने कुणाचे फारसे अडत नाही. या वेळी मात्र सी++२० मानकातली एसटीडी::फॉरमॅट ही मजकूर रचण्याची सोय जीसीसीच्या लायब्ररीत नेमकी तेराव्या आवृत्तीपासून आली, आणि मानक प्रसिद्ध होऊन अडीच वर्षे उलटल्यावर निघालेल्या वितरणातही ती मिळेना. ज्यांच्या प्रकल्पाने ती सोय गृहीत धरली होती, त्यांच्यापुढे दोनच मार्ग उरले: कोडमध्ये पर्यायी लायब्ररी घालणे, किंवा स्थिर वितरणावर नवा कंपायलर आणून बसवणे.

या दुसऱ्या मार्गाविषयी लिहायचे आहे. कामानिमित्त बिल्ड-मशिने, म्हणजे प्रोग्रॅम बांधणारी यंत्रे, सांभाळत असल्यामुळे हा विषय माझ्यापुढे सारखा येत राहतो, आणि दर वेळी चर्चा चुकीच्या टोकापासून सुरू होते असे मला दिसते. ‘नवा कंपायलर स्थिर यंत्रावर टाकणे धोक्याचे आहे का?’ असे विचारले जाते. कंपायलर हा स्वतः अगदी निरुपद्रवी प्रोग्रॅम आहे. तो फाइल वाचतो आणि फाइल लिहितो. ऑप्ट डिरेक्टरीच्या एका कोपऱ्यात त्याच्या पाच आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवल्या तरी यंत्रावरच्या इतर कशालाही त्यांचा पत्ता लागत नाही. खरा प्रश्न वेगळा आहे: त्या कंपायलरने बांधलेला प्रोग्रॅम जेव्हा चालू होईल, तेव्हा त्याला रनटाइम लायब्ररी (चालताना लागणारा तयार कोड) कोणती सापडेल?

जीसीसीच्या एकाच सोर्समधून कंपायलर जसा तयार होतो, तशाच लिबजीसीसी, लिबस्टडसी++, लिबगॉम्प, लिबअॅटॉमिक आणि सॅनिटायझरच्या लायब्रऱ्याही तयार होतात. यांतली लिबस्टडसी++, म्हणजे सी++ ची मानक लायब्ररी, ही सगळ्यात अडचणीची. तिचे नाव २००४ साली आलेल्या जीसीसी ३.४ पासून बदललेले नाही. तेव्हाही ती ‘.एसओ.६’ होती आणि आजही तीच आहे. नाव कायम ठेवून आत भर घालत राहण्यासाठी सिम्बॉलना, म्हणजे आतल्या फंक्शन आणि चलांच्या नावांना, आवृत्तीची चिठ्ठी जोडलेली असते. जीसीसी ४.८ च्या लायब्ररीत ही चिठ्ठी जीएलआयबीसीएक्सएक्स_३.४.१९ पर्यंत जाते, जीसीसी ५ मध्ये ३.४.२१ पर्यंत, १२ मध्ये ३.४.३० पर्यंत आणि १३.२ मध्ये ३.४.३२ पर्यंत. नवी लायब्ररी जुन्या सगळ्या चिठ्ठ्या सांभाळते, त्यामुळे जुना प्रोग्रॅम नव्या लायब्ररीवर निर्धास्त चालतो. उलट दिशेने असे कोणतेही वचन दिलेले नाही.

म्हणूनच जीसीसी १३.२ ने बांधलेली बायनरी (तयार प्रोग्रॅम) शुद्ध डेबियन १२ वर नेली की प्रोग्रॅम सुरू करणारा लोडर पहिल्याच पावलाला थांबतो आणि ‘जीएलआयबीसीएक्सएक्स_३.४.३२ ही आवृत्ती सापडली नाही’ असे सांगून प्रोग्रॅम बंद करतो. ‘मी तर नवीन काहीच वापरले नाही, नुसते दोन शब्द पडद्यावर छापले’ अशी तक्रार यावर हमखास ऐकू येते, आणि ती खरी असते. जीसीसी १३ पासून आयओस्ट्रीम या वाचण्या-छापण्याच्या सोयीच्या सुरुवातीच्या तयारीचे काम हेडरमधून, म्हणजे कोडमध्ये ओढल्या जाणाऱ्या घोषणांच्या फाइलीतून, काढून लायब्ररीत नेले गेले. त्यामुळे आयओस्ट्रीमचा हेडर घेणारा अगदी प्राथमिक प्रोग्रॅमसुद्धा नव्या सिम्बॉलची मागणी करतो. आपण कोणती भाषिक सोय वापरली यावर ही मागणी अवलंबून नाही. बायनरी कशाची मागणी करते हे अंदाजाने ठरवण्यापेक्षा ऑब्जडंप या तपासणी-साधनाला टी हा पर्याय देऊन सिम्बॉलची यादी काढावी आणि त्यातली सर्वांत मोठी चिठ्ठी पाहावी; उत्तर काही क्षणांत मिळते.

यावरचा सर्वांत सरळ उपाय म्हणजे नव्या कंपायलरबरोबर नवी लिबस्टडसी++ देखील यंत्रावर बसवणे. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांसाठी टूलचेन गटाचा जो पीपीए, म्हणजे पॅकेजेसचा जादा साठा, अनेक वर्षे प्रचलित आहे, तो हेच करतो. तो जोडून जीसीसीची पुढची आवृत्ती घेतली की लिबस्टडसी++६ आणि लिबजीसीसी ही पॅकेजेसही वर सरकतात, आणि त्या क्षणापासून यंत्रावरचा प्रत्येक सी++ प्रोग्रॅम नव्या लायब्ररीवर चालू लागतो. मागच्या दिशेची सुसंगती जीसीसीवाले काटेकोरपणे पाळतात, त्यामुळे बहुतेक वेळा कुणाला काही जाणवतही नाही. स्वतःच्या लॅपटॉपसाठी मला हा मार्ग पूर्णपणे मान्य आहे. बिल्ड-मशिनवर मात्र मी तो कधीही येऊ देणार नाही, कारण तिथे बांधलेले सगळे काही निमूटपणे नव्या चिठ्ठीची मागणी करू लागते, चाचण्या त्याच यंत्रावर उत्तीर्ण होतात, आणि बायनरी ग्राहकाच्या यंत्रावर गेल्यावरच बिंग फुटते.

डेबियनचा बॅकपोर्ट विभाग, म्हणजे नवी पॅकेजेस जुन्या वितरणासाठी देणारा विभाग, या बाबतीत अधिक सावध आहे. तिथे येणारे पॅकेज साधारणपणे टेस्टिंग या पुढच्या वितरणाच्या तयारीतल्या शाखेतून घेतलेले आणि स्थिर आवृत्तीवर पुन्हा बांधलेले असते. त्याच्या आवृत्तीच्या शेवटी टिल्ड चिन्ह, मग ‘बीपीओ१२’ आणि क्रमांक अशी शेपटी लावतात. डीपीकेजी या डेबियनच्या पॅकेज-साधनाच्या क्रमवारीत टिल्ड हे चिन्ह रिकाम्या जागेपेक्षाही खालचे मानले जाते, त्यामुळे वितरण पुढच्या आवृत्तीवर नेले की बॅकपोर्ट केलेले पॅकेज मूळ पॅकेजपेक्षा जुने ठरून आपोआप बदलले जाते. एवढ्याशा चिन्हात परतीची वाट आखून ठेवली आहे याचे मला नेहमीच कौतुक वाटते. परंतु जीसीसी या चौकटीत नीट बसत नाही. डेबियनमध्ये लिबस्टडसी++६ हे पॅकेज त्या त्या काळच्या सर्वांत नव्या जीसीसीच्या सोर्समधून तयार होते, आणि त्याचे ‘जीसीसी-१४-बेस’ यांसारख्या पायाभूत पॅकेजशी नाते अचूक समान आवृत्तीचे असते. कंपायलर आणायचा म्हटले की हे सगळे कुटुंब सोबत येते. शिवाय पॅकेज बांधताना डीपीकेजी-एसएचलिबडेप्स हे साधन वापरलेल्या सिम्बॉलवरून किमान आवृत्ती स्वतःच काढून अवलंबित्वात लिहिते. म्हणजे नव्या कंपायलरने बांधलेले प्रत्येक बॅकपोर्ट नवी लिबस्टडसी++ मागू लागेल, आणि एक छोटेसे साधन हवे असलेल्या माणसाच्या यंत्रावर सी++ चा अख्खा पाया बदलेल. स्थिर वितरणाच्या मूळ करारालाच हे छेद देणारे आहे.

या कोंडीवर मला सर्वांत पटलेला तोडगा रेड हॅटचा आहे, आणि तो थोडा तपशिलाने पाहण्याजोगा आहे. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ जून २०१४ मध्ये आले, जीसीसी ४.८ घेऊन, आणि त्याची देखभाल ३० जून २०२४ पर्यंत चालू राहिली. या दहा वर्षांत सी++१४, १७ आणि २० ही तीन मानके येऊन गेली. जीसीसी ४.८ ची स्थिती तर अशी होती की रेग्युलर एक्स्प्रेशनचा मानक हेडर त्यात होता, कोड बिनतक्रार कंपाइल होत होता, पण त्यामागची अंमलबजावणी पुरी झालेली नसल्यामुळे चालताना तो अपवाद फेकत असे; खरी अंमलबजावणी ४.९ मध्ये आली. अशा कंपायलरवर दहा वर्षे काढा असे कुणाला सांगता येणार नव्हते.

म्हणून डेव्हलपर टूलसेट या नावाने नवे कंपायलर येत राहिले. पुढे रेड हॅटच्या आठव्या आवृत्तीपासून त्यांना जीसीसी टूलसेट म्हणू लागले. हे सारे ऑप्टखालच्या आरएच डिरेक्टरीत बसते. एससीएल एनेबल ही आज्ञा दिली की त्या एका शेलपुरता पाथ बदलतो, शेल बंद केला की सर्व काही पूर्ववत होते. इथपर्यंत विशेष काही नाही. खरी युक्ती लिंकिंगच्या, म्हणजे तुकडे जोडून बायनरी बनवण्याच्या, वेळी दिसते. टूलसेटच्या डिरेक्टरीतली लिबस्टडसी++.एसओ ही फाइल एखाद्या संपादकात उघडली तर बायनरी कचरा दिसण्याऐवजी मोजक्या ओळींचा साधा मजकूर दिसतो. ती लिंकरसाठीची स्क्रिप्ट आहे, आणि तिच्या शेवटच्या ओळीत दोन गोष्टी सांगितलेल्या असतात: आधी प्रणालीची, म्हणजे यूएसआर-लिब६४ मधली, जुनी लिबस्टडसी++.एसओ.६ घ्या, आणि जे तिच्यात सापडणार नाही ते लिबस्टडसी++_नॉनशेअर्ड या स्टॅटिक, म्हणजे बायनरीतच सामावणाऱ्या, लायब्ररीतून उचला.

परिणाम असा की जे सिम्बॉल जुन्या लायब्ररीत आहेत ते प्रणालीकडूनच येतात, आणि नव्या आवृत्तीत भर पडलेले तेवढेच तुकडे बायनरीच्या पोटात जातात. जीसीसी ११ सारख्या कंपायलरने बांधलेला प्रोग्रॅमही मूळ, काहीही न बदललेल्या यंत्रावर सरळ चालतो. चालवणाऱ्याकडे टूलसेट असण्याची गरज नसते. एका प्रक्रियेत लिबस्टडसी++ च्या दोन पूर्ण प्रती कधी येत नाहीत. हे करायला मेहनत पडते, कारण कोणते सिम्बॉल कोणत्या बाजूला जातील याची विभागणी प्रत्येक पायाभूत आवृत्तीसाठी स्वतंत्रपणे करावी लागते. ही मेहनत कुणीतरी पगार घेऊन करते म्हणूनच ती होते, हेही खरे. स्वयंसेवकांच्या वितरणाकडून तिची अपेक्षा करणे मला रास्त वाटत नाही.

या युक्तीला एक मर्यादा आहे आणि ती अनेकांना ऐनवेळी कळते. एप्रिल २०१५ मध्ये आलेल्या जीसीसी ५.१ ने एसटीडी::स्ट्रिंग आणि एसटीडी::लिस्ट यांची स्मृतीतली रचना बदलली. सी++११ मानकाने स्ट्रिंगची ‘लिहिताना प्रत काढा’ ही जुनी पद्धत अवैध ठरवली होती, आणि लिस्टचा आकार सांगण्याचे काम स्थिर वेळात व्हावे अशी अट घातली होती. दोन्ही गोष्टी जुन्या रचनेत शक्य नव्हत्या. जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून दोन्ही रचना एकाच लायब्ररीत शेजारी ठेवल्या गेल्या, आणि कोणती घ्यायची ते एका मॅक्रोवर सोडले. परंतु ४.८ च्या लायब्ररीत नवी रचना मुळातच नाही. म्हणून रेड हॅटच्या सातव्या आवृत्तीवरचा टूलसेट तो मॅक्रो कितीही वेळा १ केला तरी जुनीच रचना वापरतो. मग दुसरीकडे नव्या रचनेने बांधलेली एखादी लायब्ररी जोडायला गेलो की लिंकर न सापडलेल्या सिम्बॉलची लांबलचक यादी ओकतो, आणि त्या प्रत्येक नावात ‘सीएक्सएक्स११’ हा तुकडा दिसतो. तो तुकडा दिसला की कोड तपासत बसू नये. दोन बाजू दोन वेगवेगळ्या एबीआयने (बायनरीच्या पातळीवरच्या रचनेच्या नियमांनी) बांधल्या आहेत एवढेच समजावे. पायथनची मेनीलिनक्स२०१४ ही, अनेक वितरणांवर चालावीत म्हणून आधीच बांधलेली, व्हील पॅकेजेस सेंटओएस ७ आणि टूलसेट यांवरच बांधली जात असल्यामुळे पायटॉर्चसारखे मोठे प्रकल्पही कित्येक वर्षे जुन्या रचनेला बांधलेले राहिले. रेड हॅटच्या आठव्या आवृत्तीचा पाया जीसीसी ८ चा असल्याने तिथे ही अडचण उरलेली नाही.

ज्यांच्याकडे टूलसेट नाही, त्यांना रेड हॅटच्या युक्तीची ओबडधोबड आवृत्ती घरच्या घरी करता येते: लिंक करताना स्टॅटिक-लिबस्टडसी++ आणि स्टॅटिक-लिबजीसीसी हे पर्याय द्यायचे, म्हणजे संपूर्ण लायब्ररीच बायनरीत सामावते. जीसीसीच्या परवान्यात रनटाइम लायब्रऱ्यांसाठी स्वतंत्र सवलत असल्यामुळे यात सर्वसाधारणपणे कायदेशीर अडचणही येत नाही. एकट्याने चालणाऱ्या आज्ञावजा प्रोग्रॅमसाठी माझी पहिली पसंती हीच असते. पण प्रोग्रॅम प्लगइन उचलणारा असेल, किंवा आपण स्वतःच कुणाच्या तरी प्रक्रियेत शिरणारी शेअर्ड लायब्ररी बांधत असू, तर जरा थांबून विचार करावा. एका प्रक्रियेत लिबस्टडसी++ च्या दोन प्रती आल्या की एका बाजूने फेकलेला अपवाद दुसऱ्या बाजूला ओळखू येईलच असे नाही, आणि बिघाड असा विचित्र दिसतो की माणूस भलतीकडेच शोधत राहतो. निदान लिंकरला एक्स्क्लूड-लिब्ज हा पर्याय देऊन स्टॅटिक लायब्ररीतले सिम्बॉल बाहेर दिसणार नाहीत एवढी तरी काळजी घ्यावी.

नवी लायब्ररी बायनरीसोबत पाठवून एलडी_लायब्ररी_पाथ या चलाने तिच्याकडे वळवणे, हा आणखी एक प्रकार सर्वाधिक आढळतो आणि मला तो सर्वांत कमी आवडतो. ते चल त्या प्रोग्रॅमपुरते न राहता त्याने सुरू केलेल्या प्रत्येक उपप्रक्रियेला लागू होते. सुरुवातीला नवी असलेली ती लायब्ररी काही वर्षांनी प्रणालीच्या लायब्ररीपेक्षा जुनी होते, आणि मग प्रणालीचा ग्राफिक्स ड्रायव्हर त्या प्रक्रियेत उघडायला गेला की त्याला हवी ती चिठ्ठी सापडत नाही. जी अडचण टाळण्यासाठी लायब्ररी सोबत घेतली, तीच उलट्या दिशेने उभी राहते. बायनरीत रनपाथ, म्हणजे लायब्ररी शोधण्याचा पत्ता, लिहून ठेवणे त्यापेक्षा बरे, मात्र तो फक्त थेट अवलंबित्वांना लागू पडतो, त्यांच्या पुढच्या साखळीला नाही, हे ध्यानात असावे.

कंपायलर स्वतः बांधायचे ठरवले तर काम वाटते तितके कठीण नाही. जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या तीन गणिती लायब्रऱ्या लागतात, आणि त्या आणून देणारी स्क्रिप्ट जीसीसीच्या सोर्समध्येच असते. बांधणी तीन टप्प्यांत होते: यंत्रावरचा जुना कंपायलर नव्याला बांधतो, तो नवा स्वतःला पुन्हा बांधतो, आणि तो पुन्हा एकदा; शेवटच्या दोन टप्प्यांतल्या ऑब्जेक्ट फाइल तंतोतंत जुळल्या तरच बांधणी मान्य होते. जुन्या कंपायलरने चुकीचा कोड तयार केला असेल तर तो इथे पकडला जाण्याची चांगली शक्यता असते, म्हणून वेळ वाचवण्यासाठी हे टप्पे बंद करू नयेत. सुरुवातीचा कंपायलर किती जुना चालेल यालाही सीमा आहे. जीसीसी ११ ते १४ बांधायला सी++११ येणारा, म्हणजे ४.८ चा, कंपायलर पुरतो. जीसीसी १५ ला सी++१४ लागते आणि त्यासाठी किमान ५.४ हवा. त्यामुळे ४.८ वरून १५ वर थेट उडी मारता येत नाही, मधली एक पायरी बांधावी लागते.

स्वतः बांधलेल्या कंपायलरच्या दोन गोष्टी सहसा लक्षात येत नाहीत. वितरणाचा जीसीसी हा मूळ जीसीसी नसतो. डेबियन आणि उबुंटू तो पीआयई ही, प्रोग्रॅम स्मृतीत कुठेही ठेवू देणारी, सुरक्षा-सोय आपोआप चालू राहील अशा रीतीने बांधतात, आणि उबुंटू त्यावर फोर्टिफाय आणि स्टॅक प्रोटेक्टर यांसारखे संरक्षणही आपसूक जोडते. मूळ सोर्समधून, कॉन्फिगरला काही न सांगता बांधलेला कंपायलर यातले काहीही करत नाही आणि तसे कळवतही नाही. कंपायलर नवा, पण त्यातून निघणारी बायनरी जुन्यापेक्षा कमी सुरक्षित, असा उफराटा प्रकार होतो. म्हणून वितरणाच्या जीसीसीला व्ही हा पर्याय देऊन त्याची कॉन्फिगरची ओळ छापून घ्यावी आणि तिच्यातले एनेबल-डीफॉल्ट-पीआयईसारखे पर्याय आपल्या बांधणीत उचलावेत.

दुसरी गोष्ट अधिक छुपी आहे. बांधणीच्या वेळी जीसीसी यूएसआर-इन्क्लूडमधल्या काही हेडर फाइल तपासतो, त्यांच्यात त्याला खटकेल ते दुरुस्त करतो, आणि ती दुरुस्त प्रत इन्क्लूड-फिक्स्ड नावाच्या आपल्या डिरेक्टरीत ठेवतो. पुढे ग्लिबसी, म्हणजे प्रणालीची सी लायब्ररी, बदलली तरी ती प्रत जुनीच राहते आणि खऱ्या हेडरच्या आधी उचलली जाते. पीथ्रेडच्या हेडरमध्ये काहीतरी घोषित झालेले नाही अशा स्वरूपाची न समजणारी त्रुटी आली, तर आधी त्या डिरेक्टरीत डोकवावे. एमकेहेडर्स हे साधन त्याच कंपायलरबरोबर बसवलेले असते आणि या प्रती नव्याने तयार करते.

कंपायलरइतकेच बिनयुटिल्सकडे, म्हणजे असेम्ब्लर आणि लिंकर यांच्या संचाकडे, पाहावे लागते. असेम्ब्लरला काय काय येते याची तपासणी जीसीसी बांधणीच्या वेळी करून ठेवतो. नंतर पाथमध्ये जुना असेम्ब्लर आधी आला की अनोळखी सूचनांवरून तो अडून बसतो. जीसीसी ११ पासून डीबग माहिती ड्वार्फ ५ या स्वरूपात लिहिली जाते, आणि जुना जीडीबी हा डीबगर किंवा प्रोफायलर ती वाचू शकत नाही. त्यावर जी-ड्वार्फ-४ हा पर्याय पुरेसा आहे. एलटीओचे (लिंक करताना होणाऱ्या ऑप्टिमायझेशनचे) अंतर्गत स्वरूप तर आवृत्तीगणिक बदलते, त्यामुळे दुसऱ्या आवृत्तीने केवळ एलटीओ स्वरूपात बांधलेली स्टॅटिक लायब्ररी नवा कंपायलर घेतच नाही.

एवढे सगळे करूनही एक मजला असा आहे की ज्याच्या खाली कंपायलर बदलून जाता येत नाही, आणि तो म्हणजे ग्लिबसी. तिलाही आवृत्तीच्या चिठ्ठ्या आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या २.३४ आवृत्तीत लिबपीथ्रेड ही मुख्य लायब्ररीत विलीन झाली, आणि प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या सिम्बॉललाच नवी चिठ्ठी मिळाली. त्यामुळे २.३६ असलेल्या डेबियन १२ वर सर्वसाधारण रीतीने बांधलेली बायनरी २.३१ असलेल्या डेबियन ११ वर मेन या पहिल्या फंक्शनपर्यंतही पोचत नाही. नव्या वितरणाचा कंटेनर (वितरणाची वेगळी ठेवलेली प्रत) घ्यायचा, त्यात बांधायचे आणि जुन्या यंत्रावर चालवायचे, ही कल्पना जितकी वारंवार सुचवली जाते तितक्याच वारंवार इथे आपटते. दिशा उलटी हवी: कंटेनर किंवा सिसरूट (हेडर आणि लायब्रऱ्यांचा संच) सर्वांत जुन्या लक्ष्य-यंत्राचा घ्यावा आणि त्यात नवा कंपायलर आणावा. क्रोमियम हा ब्राउझर हेच करतो; स्वतःचा क्लँग हा कंपायलर आणि स्वतःची लिबसी++ ही सी++ लायब्ररी वापरतो, पण लिंकिंग डेबियनच्या जुन्या आवृत्तीच्या सिसरूटवर करतो. मेनीलिनक्सचा सारा डोलाराही याच तत्त्वावर उभा आहे.

क्लँगचे नाव आले म्हणून एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. क्लँग बनवणारा एलएलव्हीएम प्रकल्प डेबियन आणि उबुंटूसाठी स्वतःची पॅकेजेस पुरवतो, आवृत्त्या शेजारी शेजारी बसतात आणि बसवणे अगदी सोपे आहे. म्हणून डेबियन १२ वर क्लँग १८ घ्यावा आणि एसटीडी::फॉरमॅट मिळवावे, असा सल्ला दिला जातो. तो निष्फळ ठरतो. लिनक्सवर क्लँग सी++ चे हेडर यंत्रावरच्या जीसीसीकडूनच घेतो, आणि ते हेडर बाराव्या आवृत्तीचे असतील तर कंपायलर कितीही नवा असून काय उपयोग? लिबसी++ निवडली तर सोय मिळते. पण मग वितरणातल्या क्यूटी किंवा बूस्टसारख्या, लिबस्टडसी++ वर बांधलेल्या लायब्रऱ्यांशी स्ट्रिंगची देवाणघेवाण करता येत नाही, आणि त्याही स्वतः बांधाव्या लागतात.

गो आणि रस्ट या भाषांकडे हा प्रश्न बराच सौम्य आहे, कारण त्यांची लायब्ररी साधारणपणे बायनरीतच जाते. गो १.२१ पासून तर प्रकल्पाला हवी ती टूलचेन गो स्वतःच उतरवून घेतो. रस्टच्या बाबतीत अडचण बांधणाऱ्यांची आहे. प्रत्येक आवृत्ती तिच्या आधीच्या आवृत्तीने बांधावी लागते, आणि फायरफॉक्सची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर वर्षाच्या आसपास नवा रस्ट मागते. सुरक्षा-दुरुस्त्या तर थांबवता येत नाहीत. त्यामुळे स्थिर डेबियनलासुद्धा नवा कंपायलर आत घ्यावाच लागला, परंतु त्यांनी तो रस्टसी-मोझिला अशा वेगळ्या नावाने घेतला, म्हणजे बाकीची पॅकेजेस आपल्या जुन्या रस्टवरच राहिली. हा निर्णय मला अतिशय समंजस वाटतो.

नवे नाव ठेवण्याचा हाच नियम जीसीसीलाही लागू करावा. अपडेट-अल्टरनेटिव्हज वापरून यूएसआर-बिनमधला जीसीसी नव्याकडे वळवण्याची पद्धत जागोजागी सांगितलेली आढळते. तिच्या वाटेला जाऊ नये. यंत्रावर डीकेएमएस ही यंत्रणा कर्नलचे मॉड्यूल (ड्रायव्हरसारखे जोड-तुकडे) बांधते तेव्हा तिला कर्नल ज्या कंपायलरने बांधला तोच अपेक्षित असतो, आणि दुसरा सापडला तर एखादा न ओळखता येणारा पर्याय पुढे येऊन मॉड्यूल बांधले जात नाही. हे कळते ते कर्नलच्या पुढच्या अपडेटनंतर, बहुधा नेटवर्क किंवा ग्राफिक्स बंद पडल्यावर. शिवाय नवा जीसीसी अधिक कडक असतो. दहाव्या आवृत्तीपासून एकच ग्लोबल चल दोन फाइलींत व्याख्यित केले तर लिंकर अडवतो, चौदाव्यापासून घोषणा न केलेले फंक्शन वापरणे ही चूक ठरते, आणि पंधराव्यापासून सी भाषेचे मूळ मानक सी२३ झाल्यामुळे स्वतःचा बूल प्रकार तयार करणारा जुना कोड मोडतो. स्वतःच्या प्रकल्पात या चुका सुधारणे इष्टच आहे. वितरणाची जुनी पॅकेजेस पुन्हा बांधताना मात्र वितरणाचाच कंपायलर असावा. सीसी आणि सीएक्सएक्स ही दोन चले त्या त्या प्रकल्पाच्या बिल्डपुरती ठरवून दिली की काम भागते.

अशा टूलचेनला निवृत्तीही द्यावी लागते. रेड हॅट प्रत्येक टूलसेटला साधारण दोन वर्षांचा आधार देते, वितरणाला मात्र दहा वर्षांचा. म्हणजे बॅकपोर्ट केलेला कंपायलर हा मुळातच अल्पायुषी धरलेला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ जीसीसी १४.२ घेऊन आले तेव्हा बाराव्या आवृत्तीसाठी म्हणून बांधलेले पुष्कळ कंपायलर एका दिवसात अनावश्यक झाले. टिल्ड लावलेली पॅकेजेस आपसूक बदलली गेली. ऑप्टमध्ये हाताने बसवलेल्या कंपायलरची एपीटी या पॅकेज-व्यवस्थापकाला काहीच खबर नसते, आणि तो नव्या ग्लिबसीवर जुने हेडर घेऊन तसाच बसून राहतो. तो काढून टाकण्याआधी यंत्रावरच्या स्वतः बांधलेल्या बायनरींवर रीडएल्फला डी पर्याय देऊन चालवावे आणि ज्यांच्या रनपाथमध्ये ऑप्टचा पत्ता आहे त्या वेगळ्या काढाव्यात. त्या वितरणाच्या कंपायलरने पुन्हा बांधल्या की डिरेक्टरी पुसायला हरकत नाही.